कोपऱ्यातली गाठ

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली पाच-सहा वर्षं वाचतोय... आणि खरं सांगतो, वाचायचो ते चुका काढायला. कोणाला पांढरी बाई दिसली, कोणाच्या खोलीत पावलं वाजली, की खाली माझी कॉमेंट ठरलेली — ‘झोप पूर्ण करा’, ‘पाइपलाइन तपासा’, ‘बीपी मोजून घ्या.’ ज्यांना ज्यांना मी असं लिहिलं त्या सगळ्यांची आज आधी माफी मागतो. आता माझी पाळी आहे. लिहू की नको करत तीन वेळा मोबाइल खाली ठेवलाय, तेव्हा मागे-पुढे झालं तर सांभाळून घ्या.

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, जळगावला राहतो. कालवे, गेट, पाण्याची पातळी यातच सगळा जन्म गेला. नुसत्या नजरेने अंतर सांगायचं, हा माझा धंदा. मूळ गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. घरात मी, बायको सुनीता, आणि माझी आई. आईला आम्ही अक्का म्हणतो. वय शहात्तर, कान शाबूत, डोळ्यांत मोतीबिंदू आणि बोलणं पक्कं अहिराणी. मुलगा अक्षय चेन्नईला नोकरीला असतो.

आणि माझा धाकटा भाऊ, संजू. तो बारा वर्षांपासून बेपत्ता आहे.

संजूबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो आठ वर्षांचा असताना गावात एक माहूत हत्ती घेऊन आला होता. हत्ती निघाला तसा हा पठ्ठ्या त्याच्यामागे निघाला, तो थेट पाचोऱ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सायकलवर बसवून आणून सोडला. तेव्हापासून संजूला घरी यायला उशीर झाला की गावात म्हणायचे, ‘हत्तीमागे गेला असेल.’ मोठा झाल्यावरही तसाच. एक नोकरी धरली, सोडली, दुसरी धरली, महिना-महिना गायब. पण शेतात असला की राबायचा. अक्का फडक्यात भाकरी बांधून पाठवायची, आणि हा अर्धी भाकरी कुत्र्याला घालायचा. त्यावरून अक्काने एकदा फार बोल लावले. तेव्हापासून त्याने एक खूण ठेवली होती. पोटभर जेवला की फडक्याची नीट चौघडी घालायचा आणि एका कोपऱ्याला बारीक गाठ मारून परत पाठवायचा. गाठ दिसली की अक्का खूश. आणखी एक सवय म्हणजे ओल्या जमिनीवर तो चपला कधी घालत नसे, हातात घेऊन चालायचा.

आता जे लिहितोय ते अक्काला माहीत नाही, सुनीतालाही नाही. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो. आमचे वडील गेले तेव्हा संजू नेहमीसारखा कुठेतरी भटकत होता. आला तो तेराव्यानंतर. घरात बायका आवराआवर करत होत्या, अंगण नुकतंच धुतलं होतं. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणालो, “इथे तुझं कोणी नाही. परत तोंड दाखवू नकोस.” त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ओल्या अंगणातून चालत गेला. मी त्याला पाठमोरा पाहिला, तो शेवटचा. घरात सांगितलं की संजू आलाच नाही.

बारा वर्षं झाली. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, प्रत्येक कागदाला त्याची सही लागते. वकील म्हणाले, सात वर्षांच्या वर पत्ता नसेल तर कोर्टातून मयत जाहीर करून घेता येतं. मी आणि आईने मिळून प्रतिज्ञापत्रावर सही करायची. कागदाचं निमित्त होतं हो... मला ते प्रकरणच मिटवायचं होतं. त्याचं नाव कुठे वाचलं की मला छातीत अस्वस्थ व्हायचं. नाव गेलं की तेही जाईल, असं वाटत होतं.

अक्का दोन वर्षं सही करेना. एका संध्याकाळी सुनीताने तिला मोबाइलवर श्रीलंकेचा व्हिडिओ दाखवला. तिथे मिन्नेरिया नावाचं नॅशनल पार्क आहे. जुना, राजाच्या काळातला प्रचंड तलाव. उन्हाळ्यासारखे दिवस असतात तिकडे ऑगस्टमध्ये, पाणी मागे हटतं, मोकळ्या झालेल्या जागेवर कोवळं गवत येतं आणि ते खायला आसपासच्या रानातले हत्ती कळपाकळपाने जमतात. अक्काने मोबाइल अगदी डोळ्याला लावला. बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, “भाऊ, माले तथा लई चाल. मंग मी सही करसू.”

मला तिथे घेऊन चल, मग सही करते. पंच्याहत्तरीची बाई, मुंबईच्या पलीकडे गेलेली नाही. मी म्हटलं, ठीक आहे, एवढ्यावर सुटतंय तर सुटू दे. शिवाय तो तलाव मलाही बघायचा होता, धंद्यातली गोष्ट. पासपोर्ट काढला, अक्षयने तिकिटं काढून दिली.

निघायच्या आधीच्या रविवारी घरी कानबाई होती. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि तिचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य मोजून दळायचं, गेलेल्याची मूठ घालायची नाही. रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. अक्काने टोपलीत माझी सव्वा मूठ टाकली, अक्षयची टाकली... आणि तिसरी टाकायला हात घातला.

मी चिडलो. म्हटलं, “अक्का, आठ दिवसांनी तो मेला म्हणून लिहून देणार आहेस. मग ही मूठ कोणाची?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सही करी नही ना आजून.”

तिसरी मूठ पडलीच. अक्षयचा आणि माझा रोट आम्ही तिघांनी मिळून संपवला. संजूचा दरवर्षी अक्का स्वतःच शेवटच्या दिवशी खाते, तशी खाईल असं धरून चाललो आणि गुरुवारी मुंबईहून विमानात बसलो.

शनिवारी दुपारी जीपमध्ये बसलो. वरून उघडी जीप, पुढे ड्रायव्हर. त्याचं नाव नुवान, तिशीतला, तोडकं इंग्रजी आणि सिनेमातलं थोडं हिंदी बोलायचा. अक्काला अम्मा म्हणायचा. अक्का डाव्या बाजूला, शेजारी मी, मागे सुनीता मोबाइल घेऊन. अक्काने मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. मला सकाळपासून बेचैन वाटत होतं. जेवण गेलं नव्हतं, आदल्या रात्री झोपही धड नाही... हो, माझीच कॉमेंट मला लागू पडते, माहितीये.

रान संपलं आणि समोर तलावाचं पोट उघडं पडलं. सपाट, हिरवं, लांबवर पाण्याची पट्टी, पलीकडे बांध. आणि हत्ती. मी सवयीने मोजायला लागलो, सत्तेचाळीसपर्यंत आलो आणि सोडून दिलं, कारण मागच्या झाडीतून आणखी येतच होते. पिल्लं आयांच्या पायांत, बगळे त्यांच्या पाठींवर. गवत सोंडेने उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची आणि तोंडात घालायचं, एवढंच सगळीकडे चाललेलं. मला ते शांत वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मी सारखा घड्याळ बघत होतो.

पावणेपाच वाजले होते. ऊन चांगलं होतं, हे मुद्दाम लिहितोय. आमच्यापासून अंदाजे ऐंशी मीटरवर, पाण्याच्या कडेला, मला एक माणूस चालताना दिसला. पाठमोरा. खांद्यावर पंचा, आणि चपला हातात.

मला आधी वाटलं मासेमारी करणारा असेल. मग तो दोन हत्तिणींच्या मधून गेला. दोघी बाजूला सरकल्या, गर्दीत ओळखीच्या माणसाला वाट द्यावी तशा. पुढचा कळपही सरकला. तो गवतात आत आत गेला आणि मध्ये थांबला. त्याच्याभोवती सगळ्या बाजूंनी हत्ती उभे राहिले, मधली जागा मोकळी सोडून.

मी नुवानला इंग्रजीत विचारलं, तो माणूस कोण आहे. त्याने दुर्बीण लावली, खाली केली, परत लावली. म्हणाला, “कुठला माणूस, सर?”

अक्काला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तिला ऐंशी मीटरवरचा हत्ती धुरासारखा दिसतो, माणूस तर दिसणंच शक्य नाही. माझ्या तोंडून मराठीत एक अक्षर निघालं नव्हतं. पण तिने मान त्याच दिशेला वळवली आणि अगदी रोजच्या आवाजात, घरी बोलते तशी म्हणाली, “उना का रे?”

आलास का रे.

तिने पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. मला वासावरूनच कळलं. तिने रोट आणला होता. संजूचा रोट, समुद्रापलीकडे! तो पुरचुंडीसकट तळहातावर ठेवून तिने हात जीपबाहेर काढला. नुवान दबक्या आवाजात “नो फूड, नो फूड” करायला लागला. मी तिचं मनगट धरलं, आत ओढायला. तेवढ्यात त्या घोळक्यातून एक हत्तीण निघून आमच्याकडे यायला लागली. तिचा डावा कान फाटलेला होता, सोंडेवर गुलाबी ठिपके. धावत नव्हती, कान फडकवत नव्हती. पाणी आणायला निघालेल्या बाईच्या चालीने आली. नुवान म्हणाला, हलू नका.

सोंड आली. माझा हात अक्काच्या मनगटावरच होता. हत्तिणीचा श्वास माझ्या बोटांवर लागला, गरम आणि ओला. अक्काचा हात जराही थरथरला नाही. हत्तिणीने पुरचुंडी उचलली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हत्ती खायचं मिळालं की तोंडात घालतो, त्यासाठी तर सोंड. हिने नाही घातलं. ती वळली, पुरचुंडी तशीच धरून परत गेली आणि त्या मोकळ्या जागेत वाकून खाली ठेवली. मग ती आणि आणखी चार-पाच जणी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला आतलं काही दिसेना. कुठूनतरी एक खालच्या पट्टीतला आवाज यायला लागला, ऐकू कमी येणारा आणि अंगाला जास्त जाणवणारा. जीपचा पत्रा झणझणत होता. अक्का त्या दिशेला तोंड करून नुसती बसली होती, पंगतीत वाढून झाल्यावर बसतात तशी. म्हणाली, “पोटभर खाय. घाई नको करू.”

साडेचार-पाच मिनिटं गेली असतील. मग फाटक्या कानाची हलली, बाकीच्या तिच्यामागे, आणि सगळा घोळका पाण्याकडे निघून गेला. मध्ये कोणी नव्हतं. माझी नजर एकदाही हटली नव्हती, तो माणूस बाहेर पडलेला मी पाहिला नाही.

नुवानने न विचारता जीप तिकडे घेतली. तिथे उतरायला मनाई आहे, तरी तो उतरला. मी वरून जमीन बघत होतो, जमीन बघणं मला कळतं. सगळीकडे चिखलात हत्तींची पावलं, एकावर एक. पण मध्ये खाटेएवढी जागा कोरी होती. हत्तीचं पाऊल नाही, माणसाचंही नाही. पहिलं पाऊल पडलं ते नुवानच्या बुटाचं. त्याने फडकं उचलून अक्काच्या हातात दिलं आणि का कोण जाणे, तिला हात जोडले.

फडकं कोरडं होतं. सोंडेने धरलेलं, चिखलात ठेवलेलं, तरी कोरडं. रोट नव्हता, चुराही नव्हता. फडक्याची चौघडी घातलेली होती आणि एका कोपऱ्याला बारीक गाठ.

हॉटेलवर आल्यावर मी माझ्या नेहमीच्या उद्योगाला लागलो. अक्काला विचारलं, पुरचुंडी बांधताना एखादी गाठ तशीच राहिली असेल ना? ती म्हणाली, मी आडव्या-उभ्या दोन गाठी मारल्या होत्या, त्या सोडलेल्या आहेत. मग म्हणाली, “ही त्यानी शे,” म्हणजे ही त्याची, आणि फडकं उशीखाली ठेवलं. सुनीताला विचारलं, तू काय पाहिलंस? ती म्हणाली, “अहो, हत्ती बाजूला झालेले पाहिले ना. मला वाटलं मध्ये गवतात पिल्लू असेल.” तिचा व्हिडिओ आम्ही किती वेळा पाहिला असेल, गणती नाही. त्यात हत्ती सरकताना स्पष्ट दिसतात. आधी दोघी, मग पुढचा कळप, एका सरळ रेषेत वाट होत जाते. वाटेवर कोणी नाही. अक्काचं “उना का रे” स्वच्छ ऐकू येतं, आणि त्याच्या आधीचा माझा इंग्रजी प्रश्नसुद्धा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी अक्का म्हणाली, “कागद आन.” मी म्हटलं, कसला? म्हणाली, “सहीना. जेवी गया तो. आते मन्हा जीवले घोर नही.” जेवून गेला तो, आता माझ्या जिवाला घोर नाही.

तिने प्रतिज्ञापत्रावर सही केली, मोठ्या मोठ्या अक्षरांत, एकही रेघ न चुकवता. त्या रात्रीपासून तिला गाढ झोप लागते. इतकी वर्षं ती पहाटे तीनला उठून दाराशी बसायची, ते बंद झालं. आणि मी? तिच्या सहीखाली माझ्या सहीची जागा आहे. वर्ष होत आलं, ती कोरीच आहे. वकिलाचे फोन येतात, मी कामात आहे सांगतो. पेन घेऊन बसलो की मला ती पाठ दिसते. आईचं जेवला तो. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भास म्हणावा तर मी मानायला तयार आहे. दमलो होतो, उपाशी होतो, मनात तेच होतं. पण मग हत्ती कोणासाठी सरकले? आणि भास फडक्याला गाठ मारत नाही. हत्तींच्या एका अभ्यासकाला मी व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, पिल्लाला किंवा मेलेल्या हत्तीला असं वेढून उभे राहतात. मी विचारलं, मध्ये काहीच नसताना? त्यांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

या रविवारी आमच्याकडे पुन्हा कानबाई बसली. अक्काने टोपलीत माझी सव्वा मूठ टाकली, अक्षयची टाकली आणि हात झाडले. तिसरी टाकली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी शेजारीच उभा होतो. मला काय झालं सांगता येत नाही... मी वाकलो आणि माझ्या हाताने सव्वा मूठ भरून टोपलीत घातली. घरातल्या पुरुषाने कधी या टोपलीला हात लावलेला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी किती दिसतं तिला, देव जाणे. मग हळूच म्हणाली, “मन्हा हातना जेवना तो. तुन्हा हातना ऱ्हायना व्हता.”

माझ्या हातचं तो जेवला, तुझ्या हातचं राहिलं होतं. म्हणजे ओल्या अंगणातलं माझं बोलणं तिने तेव्हाच, आतून, ऐकलं होतं. बारा वर्षं तिने मला एका शब्दाने विचारलं नाही.

पौर्णिमेला अजून तीन दिवस आहेत. त्याचा रोट त्याच फडक्यात बांधून मी ओट्यावर, दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलाय. सकाळी उठलो की आधी जाऊन फडक्याचा कोपरा बघतो.